दुसरी नळी

जीप अंगणात थांबली. सोपानरावांच्या मागोमाग इंद्रजीत उतरला, तेव्हा सुलक्षणा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिच्या नवऱ्याच्या, इंद्रजीतच्या, गळ्यात सोपानरावांनी घातलेला हार होता आणि खांद्यावर दुनळी बंदूक. बंदूक पाहताच ती शेंगांचं सूप बाजूला सारून उठली.

सोपानराव साखर कारखान्याचे संचालक. इनामगावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. निवडणूक जिंकल्याच्या आनंदात त्यांना उपकार करायची हुक्की आली होती. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा केलेली इंद्रजीतची परवान्याची बंदूक सवडीनं परत मिळालीच असती, पण त्यांनी फोनाफोनी केली, इंद्रजीतला जीपमध्ये घातलं आणि ठाण्यातून बंदूक आणि काडतुसं दोन्ही सोडवून आणली. बंदूक असली तरच शिक्रापूरच्या गोदामावर गनमॅनची नोकरी. आपला फौजी घरी बसून गंजायला नको, असं ते सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले आणि त्यांनी गोड चहा मागितला.

उभ्या तालुक्यात निवडणूक संपूच नये असं वाटणारी सुलक्षणा एकटीच असेल. निवडणूक लागण्याआधी, बंदूक घरात असताना, एका संध्याकाळी गोठ्यात तिनं इंद्रजीतला हनुवटीखाली नळी टेकवून बसलेला पाहिला होता. ती त्याच्या मनगटाला चावली, रक्त निघेस्तोवर चावली. त्यानं हिसडा दिला, बंदुकीचा दस्ता तिच्या तोंडावर बसला आणि पुढचा दात पडला. त्याला कुत्रं चावलं, ती नदीच्या घाटावर घसरली, असं दोघांनी गावाला सांगितलं. तेव्हापासून ती तोंडापुढे पदर धरूनच बोलायची.

सीमेवरच्या चौकीत त्याच्या जोडीदारानं, विक्रमनं, स्वतःला संपवलं होतं. त्या रात्रीचा पहारा खरं तर इंद्रजीतचा. अंगात कणकण होती म्हणून त्यानं तो विक्रमशी बदलून घेतला होता. नंतर साहेब म्हणाले, डॉक्टरांशी बोल. पण डोक्याचा पेशंट म्हणून शिक्का बसला तर बढती जाईल, म्हणून हा पठ्ठ्या सगळ्यांना हसून दाखवत राहिला आणि पेन्शन घेऊन घरी आला. विक्रम मात्र त्याच्यासोबत घरी आला.

सुलक्षणा मध्यंतरी ठाण्यात जाऊन आली होती. बंदूक तुमच्याकडेच राहू द्या म्हणाली. हवालदारानं कारण विचारलं. खरं सांगायला जीभ उचलेना, म्हणून घरात लेकरू आहे एवढंच पुटपुटली आणि परत फिरली. त्या गप्प बसण्यापायी तिला आता स्वतःचाच संताप आला.

“खुंटीला लावून येतो,” म्हणत इंद्रजीत आतल्या खोलीत गेला. आतून कडी लागली.

लेक गौतमी मामाकडं पाबळला होती, तेवढं बरं होतं. सुलक्षणानं चुलीवरचं चहाचं आधण तसंच सोडलं, सरपणातली कुऱ्हाड उचलली आणि दारावर घातली.

सोपानराव ताडकन उठले. “वहिनी, काय चाललंय?”

“त्ये मरायला आत गेल्यात,” ती म्हणाली. तिचा पदर खाली पडला होता. “माझा दात घाटावर न्हाई पडला. असंच बंदूक हिसकताना पडला. आता बघत बसू नगा, दार ढकला.”

आळीतली माणसं गोळा झाली होती. सगळ्यांनी ऐकलं. सोपानरावांनी खांदा लावला, फळी फुटली आणि ती फटीतून आत घुसली. तिनं नळी धरून वर ढकलली. बार उडाला. छपराच्या पत्र्याला भोक पडलं, तिच्या कानात दडे बसले. इंद्रजीतनं तिला भिंतीवर लोटलं. तिनं त्याचे केस धरले, नखांनी तोंड ओरबाडलं, लाथा घातल्या, पण नळी सोडली नाही. शेवटी सोपानरावांनी त्याला मागून कवळा घातला आणि बंदूक तिच्या हातात आली.

ती तशीच अंगणात गेली. बंदूक धुण्याच्या दगडावर आडवी टाकली आणि दोन्ही हातांनी कुऱ्हाड डोक्यावर उचलली.

“थांब.”

इंद्रजीत दारात उभा होता. गाल रक्तानं भरला होता, सोपानरावांनी त्याचा दंड घट्ट धरला होता.

“दुसरी नळी भरल्याली हाय. उडंल तुझ्या अंगावर.”

सोपानरावांना बरोबर घेऊनच तो जवळ आला. गुडघे टेकून त्यानं बंदूक बिजागरीवर वाकवून उघडली, उडालेल्या बाराचं टरफल झटकलं, भरलेलं काडतूस काढलं आणि सोपानरावांच्या हातावर ठेवलं. ज्याला घडीभरापूर्वी स्वतःचा जीव नको होता, त्यानं दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का ते पाहून घेतलं. मग नळी दगडावर दाबून धरली.

“घाल आता. मी धरतो.”

तिनं घाव घातला. नळी चेपेपर्यंत घालत राहिली. दर घावाला त्याच्या हातांना झिणझिण्या येत होत्या, पण त्यानं ते काढले नाहीत.

त्याच जीपमधून सोपानरावांनी दोघांना पुण्याला फौजेच्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत ते म्हणाले, तिथं चक्कर आली म्हणून सांगू, उगाच नावाला बट्टा नको.

डॉक्टरीण बाईंनी विचारलं, कुठपासून सुरू झालं. सुलक्षणाचा हात सवयीनं पदराकडे गेला.

“ऱ्हाऊ दे,” इंद्रजीत तिला म्हणाला. मग डॉक्टरांकडं वळला. “म्याडम, हिचा दात माझ्या हातनं पडलाय. तिथनं सांगतो.”

सुलक्षणानं पदर मांडीवर ठेवला.