न ओकणारी देवी

रविवारी सकाळी दहा वाजायच्या आतच तिकोणा पेठेचा रस्ता गाड्यांनी तुंबला. किल्ला चढायला आलेली मंडळी हॉर्न वाजवून दमली आणि त्यांतली निम्मी गाड्या कडेला लावून गर्दीत शिरली. धरणाच्या अंगाला भाड्याने घेतलेल्या एका बंगल्यापुढे मांडव घातला होता. मांडवात झेंडूने मढवलेल्या चौरंगावर सात वर्षांची रेणुका बसली होती आणि पुरणपोळी खात होती.

नुसती खात होती. एवढाच चमत्कार, आणि तो बघायला पुण्याहून माणसं आली होती.

शेजारी तृप्तानंद महाराज माइक धरून उभे. दाढी नवी, भगवं रेशीम नवं. चार वर्षांपूर्वी हाच गृहस्थ पुण्याजवळ वाकडला वजन कमी करायच्या पावडरी विकायचा, असं ऐकिवात होतं. आता त्याने धंदा नेमका उलटा फिरवला होता.

"भक्तहो, या बालिकेच्या डीएनएत सात पिढ्यांची अतृप्त भूक आणि देवीची शक्ती एकत्र उतरली आहे," महाराज सांगत होते. "तुम्ही भरवलेला घास तुमच्या पितरांना पोचतो. व्हाया डीएनए. परदेशात यावर संशोधन चालू आहे, पण ते आपल्याला सांगत नाहीत. असा देह हजार वर्षांत एकदाच जन्माला येतो."

पुरावे तीन होते. देवी कितीही खाते, तरी ओकत नाही. देवीला सुई टोचली तरी ती रडत नाही. आणि सावळ्या घराण्यात देवी गोरीपान, पिंगट केसांची जन्मली. आज त्या देवीला एकावन्न घरांचा महानैवेद्य चढायचा होता.

गर्दीच्या मागे यशोधराबाई उभ्या होत्या. गावच्या शाळेत त्या शिक्षिका, आणि रेणुका त्यांच्याच वर्गात होती. त्या बेगडेवाडीहून रोज यायच्या, बी.एस्सी. झालेल्या, आणि मूर्खपणा ऐकला की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. आत्ता ती थाडथाड उडत होती.

या देवीला त्या वर्षभर ओळखत होत्या. खिचडीच्या पातेल्याचा करपलेला तळ बोटांनी खरवडून खाणारी देवी. दुसऱ्या मुलांचे डबे चोरणारी, ओरडा बसला की मुसमुसत पुन्हा डब्यांकडेच बघणारी देवी. एकदा ती शाळेमागे कुत्र्यापुढची भाकरी उचलून खाताना सापडली, त्या दिवशी बाई तडक तिच्या घरी गेल्या होत्या.

घरात रेणुकाची आई माधवी एकटीच भेटली. नवरा ओंकार नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात पाळीवर गेला होता, सासू भागुबाई महाराजांच्या आरतीला.

"जल्मली तवा फडक्यावानी लोळागोळा होती," माधवी हळू आवाजात म्हणाली. "दूध वढायची ताकद नव्हती, नाकातून नळी घातलीती. तवा समदी म्हनली, आईतच खोट हाय. आता तीच लोकं माज्या पाया पडत्यात, देवीची आई म्हनून. मला दोनीबी सोसत न्हाई, बाई."

त्या दोघींनी कुणाला न सांगता रेणुकाला पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीचे इवले हात, बदामी डोळे, केसांचा रंग बघितला आणि रक्त तपासायला पाठवलं. तीन आठवड्यांनी अहवाल आला. त्याबरोबर डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली. हा आजार असलेल्या मुलांना सहसा उलटी होत नाही आणि दुखणंही कमी जाणवतं, म्हणून पोट गच्च भरलं तरी शरीर धोक्याची सूचना देत नाही. एखाद्या मोठ्या जेवणात यांचं पोट फुटू शकतं.

शनिवारी बाई तो कागद घेऊन घरी गेल्या, तर ओंकारने उंबऱ्यातूनच परत पाठवलं. "म्हाराजांनी सांगितलंय, कागुद दावनारं कुनीतरी येनार म्हनून."

फसवणाऱ्याला हे बरोब्बर कळतं. खरं बोलणारा दारात यायच्या आधीच तो दाराला कडी लावून ठेवतो.

म्हणून आज बाई कागद घेऊन एकट्या आल्या नव्हत्या. डॉक्टरांच्या ओळखीने लोणावळ्याच्या अनिताताई आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा अमृत सोबत होते. यावं की नाही, हे अमृतने स्वतः ठरवलं होतं.

माइकवर घोषणा करून महाराजांनी सुई उंच धरली आणि रेणुकाच्या दंडात खुपसली. पोरीने दंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर पुढच्या ताटावर होती. मांडवात जयजयकार झाला.

तो ओसरायच्या आत यशोधराबाई चौरंगापाशी पोचल्या.

"महाराज, या मुलालाही आसन द्या."

"हा कोण?"

"अमृत. लोणावळ्याचा. यालाही उलटी होत नाही. घरात सगळे सावळे, हा गोरा. सांगा, हा कोणता देव?"

धंद्यातली सवय महाराजांच्या मदतीला आली. "पुरुषदेहातही अंशरूपाने देवीचा संचार..."

"हजार वर्षांत एकदाच म्हणालात ना? एका मावळ तालुक्यातच दोन निघाले."

मागे कोणीतरी हसलं. भक्तीच्या गर्दीत पहिलं हसू फुटलं की महाराज लोकांना घाम सुटतो.

अमृतने माइक मागितला नाही. तो सावकाश, शब्द जुळवत बोलला. "मला भूक लागते. रोज. जेवलो तरी. आत्तापण लागलीय, त्या पोळ्या दिसतायत ना, म्हणून. आमच्या घरी किचनला कुलूप असतं. बाबा चिक्कीच्या दुकानात होते, माझ्यासाठी त्यांनी ते काम सोडलं. लहानपणी माझा पाय मोडला, मला दोन दिवस कळलं नाही. मी देव नाही. मला आजार आहे. हिला पण तोच आहे." त्याने आपला हात रेणुकाच्या हाताशेजारी धरला. एकोणीस वर्षांच्या मुलाचा तो हात दहा वर्षांच्या मुलाएवढा होता, तशीच निमुळती बोटं. पुढच्या रांगेतल्या बायका दोन्ही हात टक लावून बघत राहिल्या.

"पन बाई, असं हुतं कशानं?" हे केरबा आबांनी विचारलं. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"आबा, तुमच्या विहिरीवर दोन मोटारी आहेत असं धरा. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आपल्या बहुतेक जनुकांच्या अशा दोन-दोन प्रती असतात आणि दोन्ही चालतात. पण पंधराव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यावर निसर्गाची रीत वेगळी आहे. तिथे आईच्या मोटारीला सील लागलेलं असतं. डीएनएवर मिथाइल नावाच्या रसायनाचे बारीक शिक्के बसतात आणि ती प्रत गप्प राहते. तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांच्यात. पाणी ओढते ती फक्त बापाची मोटार."

"आन हिच्यात?"

"हिच्यात बापाकडून आलेला तेवढा तुकडा गळालाय. आईची मोटार आहे, पण सीलबंद. म्हणून पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. तपासणीत ते शिक्केच बघतात. आपल्या रक्तात शिक्का असलेली एक प्रत आणि नसलेली एक, अशा दोन्ही सापडतात. हिच्या रक्तात फक्त शिक्क्याची सापडली. त्याच तुकड्याशेजारी रंगाचं एक जनुक असतं, तेही त्याच्याबरोबर गेलं. म्हणून ही गोरी. झालं तुमचं देवीपण."

"म्हंजी खोट माजी," ओंकार पुढे येत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"नाही ओंकारभाऊ. बीज तयार होताना आपोआप झालेली चूक आहे ही. तुमचा दोष नाही, माधवीचा नाही, कुठल्या पितराचाही नाही. दोष त्याचा, जो आजारी पोरीला सुया टोचतो आणि ती मरेस्तोवर तिला खाऊ घालतो." पोट फुटण्याबद्दल डॉक्टर जे बोलल्या होत्या, ते बाईंनी तिथेच सगळ्यांना सांगितलं.

"देवी कोपेल," महाराज ओरडले.

भागुबाई तोवर खांबाला धरून उभ्या होत्या. त्या महाराजांकडे न बघता बाईंकडे वळल्या. "आज एकावन्न घरचं खाल्लं असतं तर गेली असती?"

"जाऊ शकली असती, मावशी."

म्हातारीने चौरंगावरचं ताट उचललं. रेणुका किंचाळली, तिने आजीच्या मनगटाला चावा घेतला, ताटासाठी जमिनीवर लोळली. तो आक्रोश ऐकवत नव्हता. माधवीने तिला उचलून छातीशी धरलं आणि ओंकार त्या दोघींना वाट करून देत गर्दीतून बाहेर घेऊन गेला. चमत्कार बघायला आलेल्यांनी हेही बघितलं, ते बरंच झालं. एवढे दिवस टाळ्या पडत होत्या त्या या यातनेला.

महाराज बंगल्याच्या मागच्या दाराने निघाले, पण तालुका ओलांडू शकले नाहीत. माधवीने स्वतः तक्रार दिली, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पुण्याहून आलेल्या सुशिक्षितांवर मात्र कुठलंच कलम लागत नाही. डीएनए हा शब्द त्यांनी कॉलेजात ऐकला होता, तरी एकालाही महाराजांना साधा प्रश्न सुचला नाही. विज्ञानाचे शब्द वापरले म्हणजे विज्ञान होत नाही. तपासता येतं, चुकलं तर चुकलं म्हणता येतं, ते विज्ञान. मूल वेगळं दिसलं तर हात जोडू नका, दवाखाना गाठा. आणि कोणी हात जोडायला सांगितलं, तर का म्हणून विचारा.

रेणुकाचा आजार बरा होणारा नाही. तिला वाढीची इंजेक्शनं सुरू झाली, जेवणाच्या वेळा ठरल्या, स्वयंपाकघराला कुलूप लागलं. ती अजून रडते, अजून डबे शोधते. पण परवा तिने बाईंच्या वर्गात पहिल्यांदा पूर्ण धडा न थांबता वाचला.

महिन्याभराने एक मोठी गाडी घरापुढे थांबली. पुण्याच्या कुणी अनोळखी बाई उतरल्या, हातात पेढ्यांचा खोका. "देवीचं दर्शन होईल का, आजी?"

भागुबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हितं देवी न्हाई. आजारी पोर हाय, तिची जेवायची येळ एक वाजता. पेढं परत न्या."