काच माझ्या पोटातच राहिली

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो, काच वितळवणारी. माझी आग विझली ते साल मला पक्के आठवते. मालकीणकाकूंच्या नातीला पहिला दात आला आणि समुद्रापलीकडे लढाई पेटली, ते साल.

त्याआधी मी कधी विझलेच नव्हते. मला काकूंच्या यजमानांनी बांधले. माझ्या पोटात भाजलेल्या मातीची मोठी मूस होती आणि त्या मुशीत मधासारखी दाट काच. भट्टी विझवायची तर आधी काच उपसून मूस रिकामी करावी लागते, मग आच थोडीथोडी उतरवावी लागते. नाहीतर काच आतच गोठते आणि मूस फुटते. म्हणून माझ्याजवळ सदैव कुणीतरी असे.

फुग्या आमचा सर्वांत जुना कारागीर. लोखंडी नळीतून काच फुंकताना त्याचे गाल असे फुगत, की त्याचे खरे नाव त्याची बायकोही विसरली होती. पाळी संपली की तो मला हात दाखवून म्हणे, "येतो गं." आमच्या बरण्या, दिव्यांच्या काचा लोक उजेडाला धरून वाखाणत. माझ्याकडे कुणी पाहत नसे; पण हात गारठले की सगळे माझ्याच भोवती जमत.

गॅस नळाने येई, जवळच्याच विहिरींतून. त्यामुळे लढाईच्या बातमीने कुणी घाबरले नाही. मग एक दिवस मीटरवाला तोंड पाडून आला.

"काकू, गॅसचा भाव दुप्पट झालाय."

"अहो, लढाई तिकडे, गॅस इकडचा! आमच्या विहिरीत कुणी बॉम्ब टाकला?"

"करारात गॅसचा भाव तेलाच्या भावाला बांधलाय ना. तेल उधळलं की हाही मागे फरफटतो. शिवाय ज्यांचा गॅस लढाईनं अडला, ते आता आपल्या गॅसला जास्त पैसे द्यायला तयार आहेत."

"म्हणजे भांडण दुसऱ्यांचं आणि भांडी फुटणार आमची!"

तो गेल्यावर फुग्या म्हणाला, "काकू, काच उपसून घेऊ. हिला रीतीनं निजवू. भाव उतरला की पुन्हा पेटवू."

"मूस रिकामी केली म्हणजे सगळं संपलंच की रे. लढाई काय, आठ दिवसांत थांबेल."

"तुम्हाला विचारून थांबणार आहे का ती?"

काकूंनी मूस रिकामी करू दिली नाही. काच तशीच राहिली. आच मात्र मंद केली. फुग्या रोज नळीचे टोक काचेत बुडवून पाही आणि मान हलवी. काच जड होत चालली होती.

एका दुपारी नळातला दाबच पडला. गॅस कमी, म्हणून तो आधी घरांतल्या शेगड्यांना द्यायचा, असे वर ठरले होते. लहान मुलांचे दूध तापायला हवे, ते खरेच. फुग्याने माझ्या तोंडात खोकी जाळली, मोडकी बाके जाळली. काकूंनी स्वतःची खुर्ची दिली. पण ती धग मुशीपर्यंत पोचेना. संध्याकाळी आतून एकच आवाज आला, टच्!

"माझंच चुकलं रे, फुग्या."

"आधी पाणी प्या," तो म्हणाला.

निघताना तो माझ्यासमोर उभा राहिला. गाल फुगले, पण शब्द फुटला नाही. तसाच गेला.

पुढे लढाई थांबली, भावही उतरला, पण पोटात काच गोठून बसलेली भट्टी पुन्हा पेटत नाही. काकू लेकीकडे राहायला गेल्या. आम्ही घडवलेल्या शेवटच्या पेल्यात नात आता दूध पिते म्हणतात. मीटर काढून न्यायला मीटरवालाच आला. काम झाल्यावर थोडा वेळ उगाच थांबला, इथे पूर्वी किती उकडायचे ते आठवत असावा. फुग्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या गोदामात आहे. तिथे फुंकायला काही नाही. गाल बसले आहेत, नाव मात्र तेच राहिले.

दुपारी दारातून ऊन येते तेव्हा माझ्या पोटातली काच हिरवी चमकते. पाहायला कुणी नसते. मित्रांनो, ज्याने तुम्हाला ऊब दिली त्याला थंड होऊ द्यायची वेळ आली, तर घाई करू नका आणि खोट्या आशेवरही ठेवू नका. त्याच्याजवळ बसा. आच हळूहळू उतरवा.

फुग्या त्या दिवशी "येतो" म्हणाला नाही. पण मित्रांनो, "जातो" असेही कुठे म्हणाला?