डावा हात पाठीमागे

रायपुरात, उरला भागाच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात प्रफुल्ल रामटेके मॅनेजर होता. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. कोट-टाय मॅनेजरचा, आणि पगार असा की रेल्वेत कारकून झालेला त्याचा वर्गमित्र सुशील समोर आला की प्रफुल्लच विषय बदलायचा. लग्नसराईत सुट्टी नाही, दिवाळीत तर विचारूच नका. वरची खुर्ची एकच, आणि तीत मालकाचा जावई मोबाइल बघत बसलेला. माणूस थकणार नाही तर काय होईल?

म्हणून नव्या रायपुरातल्या मोठ्या हॉटेलातून जनरल मॅनेजरच्या जागेसाठी बोलावणे आले, तेव्हा घरात जीव आला. लेक रुचिता बारावी झाली होती आणि तिला हॉटेलचेच शिकायचे होते. आजोबा देवीदास रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना हे मुळीच पसंत नव्हते. वाद वाढला तेव्हा प्रफुल्लनेच तोड काढली. "मले हे जागा भेटली त पोट्टी हाटेलचं शिकन. नाही भेटली त रेल्वेच्या परीक्षेले बसन." रुचिता लगेच कबूल झाली. बापावर तिचा भरवसा होता.

तो दुपारी वेळेआधीच पोचला आणि लॉबीत सोफ्यावर बसला. तेवढ्यात एक कुटुंब आत आले, सोबत थकलेली म्हातारी. काउंटरवर कुणीच नव्हते. प्रफुल्लने थोडा वेळ इकडेतिकडे पाहिले, आणि मग त्याच्या नकळत तो उठलाच. हॉटेलच्या सवयीने डावा हात पाठीमागे गेला. म्हातारीला बसवले, ट्रेमध्ये पाणी आणून दिले, बॅगा लिफ्टजवळ नेऊन ठेवल्या. उशिराबद्दल तो माफी मागत होता, तेव्हा काचेच्या दारात उभ्या नीलिमा मॅडम दिसल्या. मुलाखत त्याच घेणार होत्या.

मुलाखत गोड झाली, चहासुद्धा आला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "रामटेके जी, ऐसा आदमी ढूँढे नहीं मिलता. लेकिन जीएम खुद नहीं उठता, दूसरों को उठाता है. आप बैठे-बैठे बस इतना पूछ लेते कि काउंटर खाली क्यों है, तो आज ही लेटर दे देती."

ड्यूटी मॅनेजरची जागा मात्र त्यांनी देऊ केली, पगार आताएवढाच. प्रफुल्लने आभार मानले आणि बाहेर पडल्यावर त्या आभारांचीच त्याला चीड आली. वीस वर्षे या धंद्याने उठायला शिकवले, आणि आता बसता येत नाही म्हणून नापास केले.

घरी बायकोने, सरिताने, तोंड पाहूनच ओळखले आणि ती चहा ठेवायला गेली. देवीदास नुसते खाकरले. प्रफुल्ल बुटांसकट खुर्चीत बसून राहिला.

रुचिता पाणी घेऊन आली. ग्लास ट्रेमध्ये, उजव्या बाजूने, किंचित वाकून, आणि डावा हात पाठीमागे. तिला कुणी शिकवले नव्हते. घरी पाहुणे आले की बाप पाणी कसे देतो, ते ती लहानपणापासून बघत होती. कालपर्यंत प्रफुल्लला याचा अभिमान वाटला असता. आज ग्लास घेताना त्याची नजर त्या पाठीमागच्या हातावरच अडली.

"हुआ, पप्पा?"

"नाही झालं," तो म्हणाला. "पहिले तो हात समोर घे. अन् बस बेटा. बसाचं शिक."

रुचिताने हात पुढे घेतला. पण ती बसली नाही. तो पाणी पिऊन ग्लास केव्हा परत देतो, त्याची वाट बघत तशीच उभी राहिली.