घेवड्याचा कच्चा घाणा

कोंबडीखाद्याच्या त्या कारखान्यात बाबांना सगळे ‘थर्मामीटर’ म्हणत. भट्टीला खराखुरा थर्मामीटर होता, पण त्याच्याकडे ढुंकून पाहतंय कोण! घेवडा भाजताना बाबा फिरत्या ड्रमच्या तोंडाशी वाकायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, “काढा.” की काढा! त्यावर कुणाची चूं करायची बिशाद नव्हती.

सोयाबीनच्या पेंडीऐवजी घेवडा घालू, हे मालकिणीच्या गळी उतरवलं ते बाबांच्या लेकीनं. आसपास मुबलक पिकतो, स्वस्तही पडतो. पण दाणा मोठा लबाड. कच्चा राहिला तर पचत नाही. पिल्लं दिवसभर टोचून खातात आणि अंगाला काही लागत नाही. “आमचे बाबा आहेत ना भट्टीवर!” असं ती छातीठोकपणे बोलून बसली होती. कारखान्याच्या पोल्ट्रीतल्या पिल्लांचं वजन करायचं कामही तिचंच.

पहिल्या दोन खेपा झकास वाढल्या. या खेपेला चौदाव्या दिवशी तिनं पिल्लू काट्यावर ठेवलं. साडेचारशे ग्रॅम हवं, भरलं जेमतेम तीनशे. दुसरंही तसंच, विसावंही तसंच.

“दाण्यातच खोट आहे,” मालकीण म्हणाली. “उद्यापासून पेंड. घेवडा बंद.”

लेकीनं पोत्यातला दाणा नाकाशी नेला. हिरवट, कच्चट वास! तिलासुद्धा येत होता, मग बाबांना कसा आला नाही? आणि तिला एकदम शाल आठवली.

आई गेल्यापासून तिची शाल बाबा उशाशी ठेवत. महिन्यापूर्वी एका सकाळी त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. “धुतलीस तू! तिचा वास घालवलास!” तिनं शपथा घेतल्या, रडली, पण ऐकतील तर बाबा कसले! आठवडाभर अबोला. मग तिनंही रागानं तो विषय सोडून दिला. कशी आपण इतकी आंधळी, असं आता तिला झालं.

संध्याकाळी घरी आल्यावर ती बाबांच्या खाटेवर बसली. त्यांचे डोळे झाकून तिनं कच्च्या दाण्यांची मूठ त्यांच्या नाकाशी धरली.

“हा काय पोरखेळ? मस्त भाजलाय.”

मग ड्रमच्या तळाचे कोळसा झालेले दाणे धरले.

“हाही मस्त.”

तिनं हात काढला. बाबांनी तिच्या तळव्यावरचे काळे दाणे पाहिले. कितीतरी वेळ पाहिले.

“जरा सर्दी आहे गं.”

“महिनाभर, बाबा?”

बाबा खाली बघत म्हणाले, “उद्या मालकिणीला सांग, खोट दाण्यात नाही, म्हाताऱ्यात आहे. घेवडा बंद करू नका, भट्टीवर दुसरा माणूस ठेवा.”

“बाबा...”

“आणि तू शाल धुतली नव्हतीस.”

“नाही हो.”

त्यांनी उशाखालून शाल ओढली आणि तिच्यापुढे धरली. “बघ बरं. आहे अजून?”

तिनं तोंड खुपसलं. डोक्याचं तेल, गुडघ्याचं मलम आणि त्याखाली आई, जशीच्या तशी. तिला हुंदका फुटला. “आहे, बाबा.”

“कसा आहे? सांग ना गं.”

उभा जन्म एका शब्दात दाण्याची पारख सांगणारा तो माणूस लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिला एक शब्द सापडेना.