रुआबांध्याच्या दारावरचा गज

मित्रांनो, मी एक जुना शिसवी गज आहे. कापडाच्या दुकानात मी लग्नाचे शालू मोजले आहेत, तेव्हा माझा दिमाख वेगळा होता. पुढे मीटर आले आणि मी अडगळीत पडलो. शेषरावांनी भिलाईला, पोलादाच्या प्लांटजवळच्या रुआबांध्यात किराणा दुकान टाकलं, तेव्हा सामानाबरोबर मीही आलो.

त्या काळी स्टो पेटवायला स्पिरिट लागायचं. मोठी माणसं ते विकत घेत आणि बाटली सोबतच्या पोराच्या हाती देत. एकदा अशीच बाटली फुटली, शेजारी कुणाची तरी विडी पेटलेली होती आणि एका पोराचा पाय भाजला. शेषराव हादरले. त्यांनी मला दाराच्या चौकटीवर उंच, उभं ठोकलं. माझ्या वरच्या टोकापर्यंत डोकं न पोचणारं मूल सोबत असेल, तर मोठ्यांनाही स्पिरिट नाही! मी पुन्हा कामाला लागलो आणि, खरं सांगतो, फुगलो.

एका दुपारी शेजारच्या सत्यशीलाबाई आपल्या लहानग्या नलूला घेऊन धावत आल्या. सासूला साखरेच्या आजाराची सुई टोचायची होती. ती सुई आधी स्टोवर उकळायची होती आणि घरातलं स्पिरिट संपलं होतं.

"वहिनी, पोरगी संग आहे. नाही भेटत," शेषराव म्हणाले.

"मी घेऊन राहिली ना भाऊ! तिच्या हाती नाही देत. बुढीले चक्कर येऊन राहिली."

"नियम म्हणजे नियम. तिले बाहेर उभी करा."

"बाहेर? प्लांटची सुट्टी होऊन राहिली!"

पण नाइलाज होता. त्यांनी नलूचा हात सोडला.

नलू माझ्याजवळ आली, पाठ टेकवून ताठ उभी राहिली आणि डोक्यावरून हात फिरवून आपण किती कमी पडतो ते पाहिलं. मग तिची नजर रस्त्यापलीकडच्या विटांच्या ढिगाकडे गेली. मला सगळं कळलं! पण लाकडाला ओरडता कुठं येतं? शिफ्ट सुटली होती. सायकलींचा लोंढा आला आणि नलू त्यात शिरली.

सत्यशीलाबाई बाहेर आल्या. पायरी रिकामी होती. "नलू!" त्या किंचाळल्या आणि हातातली बाटली निसटून फुटली. तेवढ्यात ट्रकचा ब्रेक करकचून लागला. 

ट्रकसमोरून नलू आली, पोटाशी वीट धरून. तिनं ती माझ्या बरोबर खाली जमिनीवर ठेवली, वर चढली आणि मान ताणली.

"आता मी मोठी झाली. द्या माझ्या आईले."

सत्यशीलाबाईंनी तिला छातीशी घट्ट धरलं.  शेषरावांनी दुसरी बाटली भरली, दुकान उघडं टाकलं आणि ती स्वतः घेऊन मायलेकींसोबत त्यांच्या घरापर्यंत चालत गेले.

मित्रांनो, मी अजून तिथंच आहे. तुम्हीही मोठे होऊन नियम कराल, जरूर करा. पण मला फक्त उंची मोजता येते. आईला लेकराचा हात सोडायला सांगण्याआधी दारासमोरचा रस्ता तेवढा बघा.