दोन भावांच्या विटा

ते शेतघर दोन सख्ख्या भावांनी बांधलं, पण दोघांचं कधी पटलं नाही. थोरले आजोबा वीट लांबीला लावायचे, धाकटे एक उभी नि एक आडवी. भट्ट्यासुद्धा वेगळ्या, म्हणून अर्धं घर लाल आणि अर्धं करपलेलं. पण दोन्ही भिंती जिथे भेटल्या तिथे मात्र त्यांनी भांडण बाजूला ठेवलं होतं. प्रत्येक थरात एकाची वीट दुसऱ्याच्या भिंतीत अर्धी घुसवली होती. थोरल्यांच्या घरात सून होऊन आलेल्या वहिनीला सासऱ्यांनी हे हात लावून दाखवलं होतं. त्या सांध्यातला चुना आजवर तीच भरत आली होती.

नवरा गेल्यावर धाकट्या आजोबांच्या नातवाने, तिच्या चुलत दिराने, वाटणी मागितली. त्याला आपला भाग पाडून स्लॅबचा बंगला बांधायचा होता.

"आजोबांनीच रेघ मारून ठेवलीय, वहिनी. आपण फक्त कापायचं."

"रेघ कसली डोंबलाची! विटा एकमेकींत अडकल्यात. कापलंस तर तुझंही खाली येईल, माझंही."

"तुला काय कळतंय बांधकामातलं?"

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चुन्याने हात फुटले ते हिचे, आणि अक्कल म्हणे याची! ती दिवसभर भिंतीला पाठ लावून बसली. दुसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन बाजारात गेली आणि दिराने डाव साधला.

ती परतली तेव्हा दर्शनी भिंत सांध्यावर वरपासून खालपर्यंत चिरलेली होती. दिराने बोलावलेला कटरवाला मशीन बंद करून लांब जाऊन उभा राहिला होता.

"बघ, झालं का काही?" दीर म्हणाला.

तेवढ्यात वरचं आढं करकरलं. भिंतीची फट रुंदावली. जाऊ लेकीला कडेवर घेऊन धावत बाहेर आली आणि मागे दिराच्या भागाचं छप्पर कौलांसकट धाडकन बसलं. वहिनीच्या स्वयंपाकघराला मोठा तडा गेला. तिची टोकाची खोली तेवढी धड राहिली.

धूळ बसायला वेळ लागला. दीर पांढराफटक पडला होता.

"वहिनी, आम्ही जायचं कुठे?"

वहिनीने जावेच्या कडेवरची पोर आपल्याकडे घेतली.

"ह्या दोघी माझ्या खोलीत. तू झोप गोठ्यात. आणि सकाळी उठून तुझ्या एकेक विटेचा चुना खरवडायला लाग. त्याच विटांचा माझ्या भिंतीला टेकू द्यायचाय, तो तुझ्या बंगल्याच्या जागेवरच उभा राहील!"