आठच्या आत जेवण

प्रबोधचं तोंड रात्री आठला बंद व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उघडायचं. अर्थात फक्त खाण्यासाठी. बोलायला ते चोवीस तास उघडं असे, आणि गेले तीन महिने एकाच विषयावर बोलत होतं. माणूस मुळात शिकारी प्राणी आहे, नाश्ता हे बिस्किटवाल्यांचं कारस्थान आहे, शरीराला सगळं कळतं, आपणच त्याचं ऐकत नाही. "वाघ घड्याळ बघून जेवतो का?" असं तो पुंगोलच्या आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये आणि ऑफिसच्या पँट्रीत कुणालाही विचारी. विचारताना मनगटाकडे नजर टाकून, उपाशी राहून साडेतेरा तास झाल्याची खात्री करून घेई.

या वाघापायीच दिलीपशी बिनसलं होतं. दिलीपच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या रात्री अरुणावहिनींनी आणलेल्या ताटावर प्रबोधने आडवा हात धरला, आणि हात तसाच ठेवून वीस मिनिटं आदिमानव समजावून सांगितला. वहिनी ताट घेऊन आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. तेव्हापासून दिलीप फोनवर फक्त 'हं' म्हणे. चौदा वर्षांची मैत्री एका 'हं'वर आली होती.

आता दिलीपच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग हैदराबादला हलवला होता. त्याला घेतलं नव्हतं. या देशात राहण्याचा पास संपत होता, मंगळवारी सकाळी तो कायमचा पुण्याला निघणार होता. त्याने शनिवारी निरोपाचं जेवण ठेवलं, आणि बोलावण्याच्या फोनवर दिलीप 'हं'च्या पुढे गेला. "सात वाजता ये. जेवणार असशील तरच ये."

"जेवणार म्हणजे काय, आडवा हात मारणार!" प्रबोध म्हणाला. दिलीप गेला की गेला. जे काय सांधायचं ते याच पंगतीत. सात ते आठ, चांगला तासभर हातात होता. फक्त मराठी घरात जेवणाला सातला बोलावलं तर सातला जेवायला मिळत नाही, एवढी एक गोष्ट तो विसरला होता.

सातला पाच कमी असताना तो बायको ऋचासह दिलीपकडे टॅम्पिनीसला पोचला, तेव्हा वहिनी आंघोळीला गेल्या होत्या. सामान आधीच कंटेनरने गेलेलं. रिकाम्या हॉलमध्ये शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर पाचसहा मंडळी. सव्वासातला सरबत आलं. साडेसातला कळलं की पाहुण्यांपैकी वरुण आणि त्याचं कुटुंब अजून एमआरटीच्या गाडीत आहे, आणि ते आल्याशिवाय पानं घ्यायची नाहीत.

प्रबोध उठला, खिडकीपाशी गेला, परत बसला, परत उठला. स्वयंपाकघरातून अळूवड्यांचा वास येत होता.

"एका जागी बस ना रे," ऋचा पुटपुटली. "एक दिवस उशिरा जेवलास तर आदिमानव पकडून नेणारेत का?"

"सोमवारी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात रक्ताचा रिपोर्ट आहे."

"तो तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. एका शनिवारचा नसतो."

हे त्यालाही ठाऊक होतं. पण एक दिवस सुटला की सगळंच सुटेल, अशी धास्ती त्याच्या मनात बसली होती. इकडे धास्ती, तिकडे दिलीप. अखेर त्याला तोडगा सुचला, जो फक्त सभ्य माणसालाच सुचतो. खालच्या कॉफी शॉपमध्ये आठच्या आत खरं जेवून घ्यायचं, आणि वर नऊला पानावर बसून खोटं जेवायचं. भात चिवडायचा, वा वा म्हणायचं.

"मी जरा बर्फ घेऊन येतो," तो म्हणाला. बर्फ कुणी मागितला नव्हता.

खाली त्याने दोन एग प्राटा, म्हणजे अंड्याचे पराठे, घेतले आणि उभ्याउभ्याच पहिला घास तोंडात कोंबला. सोबतचा रस्सा शर्टावर सांडला.

"आडवा हात इथे मारतोयस होय?"

खांबाआडच्या टेबलावर दिलीप बसला होता. पुढ्यात न प्यालेली कॉफी.

"तू इथे काय करतोयस?" प्रबोधने विचारलं. चोराने पोलिसाला विचारावं तसं.

"वर जो तो विचारतोय, पुण्यात आता काय करणार. मला माहीत असतं तर सांगितलं नसतं?" दिलीपने त्याच्या प्लेटकडे पाहिलं. "अळूची पानं आणायला अरुणा टेक्काच्या बाजारात दोनदा गेली. का, तर पहिली तुझ्या पसंतीची नव्हती. आणि तू इथे प्राटा हाणतोयस."

"अरे, आठ वाजता माझं..."

"वाघ काढू नकोस. वाघ काढलास तर ही कॉफी डोक्यावर ओतीन."

प्रबोध समोर बसला. वाघ काढायचा नाही म्हटल्यावर त्याच्याकडे बोलायला फारसं काही उरलं नव्हतं.

"बाबांच्या पायाची दोन बोटं कापली होती," तो म्हणाला. "साखरेमुळे. एकावन्न वर्षांचे होते. मी अठ्ठेचाळीसचा आहे, आणि तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझा आकडा सांगितला. झोप लागत नाही रे."

दिलीपने कॉफीचा कप बाजूला सारला. "हे बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? घाबरलोय म्हणून?"

"हो, एवढंच. अरुणाने तुला साडेसहाला भाकरी करून घातली असती. आदिमानवाला कोण भाकरी करून घालणार?"

मग त्याने प्रबोधच्या प्लेटमधला प्राटा तोडला आणि खाल्ला. "कालपासून काही गेलं नाहीये घशाखाली. भूकच नाही. तुझ्या शास्त्रात याला काय म्हणतात?"

"माहीत नाही," प्रबोध म्हणाला. गेल्या तीन महिन्यांत हे दोन शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. दोघांनी मिळून प्लेट संपवली.

वर आले तेव्हा वरुणची मंडळी पोचली होती, कागदी पत्रावळी मांडून झाल्या होत्या. अरुणावहिनींची नजर सरळ प्रबोधच्या शर्टावर गेली.

"हे काय सांडलंय?"

ऋचाने डोळे मिटून घेतले.

"मीच नेलं त्याला खाली," दिलीप म्हणाला. "मला भूक लागली होती."

"भूक? घरात साठ अळूवड्या तळून ठेवल्यात आणि तुम्हाला खाली जाऊन प्राटा खायचा होता? कालपासून मी जेवा जेवा म्हणतेय तेव्हा..." वहिनींचा आवाज चढला. दिलीप मान खाली घालून ऐकत राहिला. निमूट उभा राहिला असता तरी प्रबोध सुटला असता.

"वहिनी, तो नाही, मी गेलो होतो," तो म्हणाला. "चुपचाप खाऊन येणार होतो. त्या दिवशीही मी वाईट वागलो." मग तो दिलीपशेजारच्या पानावर मांडी घालून बसला. "मला वाढा."

वहिनींनी त्याच्या पानात मसालेभात वाढला, त्याच्याकडे न बघता. अळूवडी एक ठेवली. जरा थांबल्या, आणि दुसरी ठेवली.